एका बैलाचा पावसाळा

जुलै लागला की माझा वर्ग गच्च भरलेला असतो आणि मला ते बघवत नाही. शिक्षिकेनं असं बोलू नये हे मला कळतं. पण मालेगावजवळच्या या शाळेत मी रुजू झाले तेव्हा या दिवसांत मागचे बाक हमखास रिकामे पडायचे. विचारलं की पुढची पोरं एका सुरात सांगायची, "मॅडम, थो डवऱ्यावर गेला." मी चिडायचे, पालकांना निरोप धाडायचे. पालक यायचे ते चिखलाच्या पायांनी, आणि आत न येता दारातूनच म्हणायचे, "दोन दिसानं धाडतो मॅडम, तन लय झालं." आता डवऱ्यावर कुणीच जात नाही. बाहेर पावसानं उघडीप दिलेली असते, कोवळं ऊन पडलेलं असतं, डवरणीला याहून चांगला दिवस मिळायचा नाही अशी हवा असते आणि शिवारात पाठीवर पंप अडकवलेली दोन-चार माणसं तेवढी फिरताना दिसतात. खिडकीतून तणनाशकाचा वास आत येतो. पोरं नाक मुरडतात, मी फळ्याकडे वळते.

ज्यांचा शेतीशी संबंध उरला नाही त्यांच्यासाठी सांगते. पेरलेलं बोटभर वर आलं की त्याची तासं, म्हणजे ओळी, दिसायला लागतात. दोन तासांमधलं तण काढायला आणि माती मोकळी करायला बैलांचं जे अवजार फिरवतात तो डवरा. आमच्याकडे एका जोडीमागे दोन डवरे चालतात. या कामाचं जू लांब असतं. दोन्ही बैल एकमेकांपासून लांब, मधली तासं सांभाळून चालतात. तोंडाला मुसकं बांधलेलं, नाहीतर चालता चालता सोयाबीनचा फडशा पडायचा. मागे दोन माणसं, प्रत्येकाच्या हातात एक डवरा. थोडक्यात काय, डवरणीला दोन बैल लागतात आणि दोन माणसं लागतात. आमच्या घरी एक बैल होता आणि एक माणूस होता. दुसरा बैल आणि दुसरा माणूस रामसिंगकाकांच्या घरी होता.

आमचं गाव मानोऱ्याकडचं. गावाला लागून तांडा, आणि तांड्यातल्या रामसिंगकाकांचं वावर आमच्या वावराच्या शेजारी. तीन एकर त्यांचं, तीन आमचं. तीन एकरवाल्याला बैलजोडी पोसणं जमत नाही आणि जोडीशिवाय तीन एकर होत नाही. या कोड्याचं उत्तर आमच्या भागातल्या माणसांनी फार आधी शोधून ठेवलं होतं: एक बैल तुझा, एक माझा. याला सावड म्हणतात. आमचा चांद्या, त्यांचा बांड्या. एका वर्षी आधी आमचं वावर, पुढच्या वर्षी आधी त्यांचं. आम्ही बौद्ध, ते बंजारा. लग्नाच्या पंगतीत कोण कुठं बसतं हे गावाला चांगलं ठाऊक होतं. पण वावरात दुपारी डबे उघडले की काका सरळ बाबांच्या डब्यात हात घालायचे. "तुह्या घरचं तिखट लय मारते देवराव," असं म्हणत भाकरीबरोबरचं निम्मं कोरड्यास संपवायचे. बाबा एरवी मितभाषी, म्हणजे आमच्यासमोर. डवऱ्यामागे मात्र दोघांची तोंडं अखंड चालायची. एवढं काय बोलत असतील याचा मला लहानपणी हेवा वाटायचा. एकदा मी पाणी घेऊन गेले आणि मुद्दाम कान देऊन ऐकलं. विषय बैलांचाच होता.

"तुहा चांद्या मनानं मोठा हाय," काका म्हणत होते. "माहा बांड्या नुसता पायानं मोठा."

"मन घेऊन काय करतं? चालते तं पायानंच," बाबा म्हणाले आणि दोघं हसले.

दिवाळी झाली की काकांचं कुटुंब ऊसतोडीला जायचं. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, अंथरुणं. बांड्या मात्र जायचा नाही, तो आमच्या गोठ्यात यायचा. दोन्ही वावरांचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा सोयाबीनचा भुसा, आमच्याच कोठ्यात भरलेलं असायचं. त्यावर दोन्ही बैल उन्हाळा काढायचे. काकू जाताना बांड्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि माझ्या मायला सांगायची, "पानी पाहून पाजजो वो बाई, थो थंडं पेत नाही." नवऱ्याच्या खाण्यापिण्याची एवढी काळजी तिनं केलेली मी कधी पाहिली नाही. होळीच्या तोंडावर ती मंडळी परतायची, तांड्यावर गाणी सुरू व्हायची आणि काका आधी आमच्या गोठ्यात येऊन मग आमच्या घरात यायचे.

हे असंच चालणार असं मी धरून चालले होते. मी नोकरीला लागले, मालेगावात खोली केली, सुट्टीला गावी जायचे. माझ्या लेखी ती व्यवस्था म्हणजे डोंगरासारखी, कुणी बांधलेली नाही म्हणून कुणी पाडणारही नाही.

मग गावात हार्वेस्टर आलं. मोठ्या शेतकऱ्यांची वावरं काढत काढत ते आमच्या बाजूला आलं. आभाळ भरून आलेलं, सोंगणीला, म्हणजे कापणीला, मजूर मिळेनात, उभ्या शेंगा फुटायला लागलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, जाता जाता तुमचंही काढून देतो. बाबांनी हो म्हटलं, तांड्यावरून काकांनीही हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काय होतं? माझ्या मायनं तर हात जोडले. सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगेचं टोक कसं टोचतं हे ज्यानं सोंगणी केली त्यालाच कळतं. त्या दिवसांत मायची बोटं रक्ताळलेली असायची. ती तिखटामिठाला हात लावू शकायची नाही, भाजीला फोडणी मी द्यायचे. त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसून आपले धड हात उलटेपालटे करून बघत होती. "ज्यानं हे मशीन काढलं त्याच्या मायचं भलं होवो," ती म्हणाली. तिचं ते समाधान मी विसरलेली नाही. म्हणून आजही कुणी यंत्रांना सरसकट शिव्या द्यायला लागलं की मला ते पटत नाही. त्या माणसानं बहुधा कधी सोयाबीन सोंगलेलं नसतं.

पण हार्वेस्टर दाणे तेवढे पोत्यात देतं. कुटार मागल्या बाजूनं वावरभर उधळत जातं. त्यावर रात्रीतून पाऊस पडला आणि सकाळी ते मातीत मिसळलं. सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लागली नाही, मळणी झाली नाही, कोठा रिकामा. असं होईल हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोघंही पिढीजात शेतकरी, पण सोयाबीन म्हटलं की कुटार आपोआप घरी येतं अशी त्यांची जन्माची सवय होती. सूर्य उगवेल का असं जसं कुणी विचारत नाही, तसं कुटाराचं काय असं दोघांनीही त्या ड्रायव्हरला विचारलं नाही.

दिवाळीनंतर ट्रक यायच्या आधी काका आले. गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"देवराव, दोघायले पुरन एवढं हाय का?"

बाबा कोठ्याकडे बघत राहिले. चांद्यापुरतंही नव्हतं, त्याच्यासाठीच विकत आणावं लागणार होतं. "नाई पुरत," ते म्हणाले.

"मंग इकतो बांड्याले. उपाशी ठेवून कायले पाप घ्या? होळीले आलो का दुसरा पाहू."

बांड्या बाजारात गेला त्या दिवशी काकू घराबाहेर आली नाही. होळीला मंडळी परतली ती दुसऱ्या बैलाशिवाय. काका त्या वेळी आमच्या गोठ्यात गेले नाहीत, सरळ घरात येऊन बसले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, औंदा ट्रॅक्टरनं पेरून घेतो आणि परत तिकडंच जातो, कारखान्याकडं पावसाळ्यातही काहीतरी काम मिळतं. "बैल नसन तं मानूस इथं काय करन गा?" हे त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बाबांनी मान हलवली.

तो पावसाळा मी एका बैलाचा पावसाळा म्हणून ओळखते. पेरायची तिफन एका बैलाची चालत नाही, माती सारखी करायचं वखर एका बैलाचं चालत नाही. बाबांनी सावडीसाठी दुसरं घर शोधलं. गावभर विचारून आले. कुणाकडे जोडी होती तर ती पुरी होती, आणि अर्धी जोडी असलेले बाबांच्याच वयाचे दोघं-तिघं आधीच बैल विकून मोकळे झाले होते. शेवटी ट्रॅक्टरला सांगितलं. ट्रॅक्टर आधी मोठ्या वावरांत गेला. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या चिंचोळ्या पट्ट्यात त्याचा निम्मा वेळ वळण्यात जायचा. बाबा रोज सकाळी वावरात जाऊन मातीचा गोळा मुठीत दाबून बघायचे आणि परत यायचे. पेरणीचा ओलावा उतरायला लागला तेव्हा ट्रॅक्टर आला.

"तास जरासं रुंद ठेव," बाबा ड्रायव्हरला म्हणाले. "मले डवरा घालाचा हाय."

ड्रायव्हर चांगला पोरगा होता, हसून बोलला. "बुवा, आता कोन डवरून राह्यलं? फवारा मारा अन् झोपा. अन् तीन एकरासाठी नट-बोल्ट कोन खोलन?"

आमची तिफन आणि आमचा डवरा गावच्या सुतारानं एकमेकांच्या मापाचे केले होते. तिफनीच्या दोन फणांत जेवढं अंतर, त्यात बरोबर बसणारी डवऱ्याची पास, म्हणजे मातीतून चालणारं पातं. ट्रॅक्टरची तासं त्यापेक्षा अरुंद आली. आमचा डवरा तिथं घातला असता तर तणाबरोबर सोयाबीनही कापलं गेलं असतं. पण बाबांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी मानोऱ्याच्या वेल्डिंगवाल्याकडे दोन चकरा मारल्या आणि एका बैलाला ओढता येईल असा अरुंद पासेचा डवरा करून आणला. तो त्यांनी मला मोठ्या उत्साहानं दाखवला. त्यांनी तो अंगणात उभा केला, काडीनं तासाचं अंतर मोजून आणलं होतं ते पासेला लावून दाखवलं. "पाहाय माय, कसा बसते," ते मला म्हणाले; खुशीत असले की ते मलाच माय म्हणतात. आपल्या हातानं आपलं वावर करता यावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्या दिवशी त्यांना वाटलं की जमलं.

रविवार होता, मीही वावरात गेले. चांद्याला डवऱ्याला जुंपलं. त्याला दोन तासांमधून सरळ चालायचं होतं, एवढंच काम. त्यानं पहिलं पाऊल टाकलं आणि तो उजवीकडे सरकला. बाबांनी कासरा ओढून त्याला मध्ये आणलं. दोन पावलं गेला आणि परत उजवीकडे. उजवीकडचं कोवळं सोयाबीन त्याच्या खुराखाली गेलं. मायनं वेसण धरून त्याला पुढून चालवलं. तिच्या हातातही तो मान तिरकी करून सरकतच राहिला. जन्मभर तो जुवाच्या उजव्या अंगाला चालला होता. डाव्या अंगाची जागा त्याची नव्हती, तो ती मोकळी सोडत होता. डवऱ्याचं माप घेतलं होतं, तासाचं घेतलं होतं, पासेचं घेतलं होतं. बैलाच्या सवयीचं घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

बाबांनी त्याला मारलं नाही. एका तासाच्या टोकाला जाऊन ते थांबले, मागे वळून चिरडलेलं पीक बघितलं आणि मला म्हणाले, "थो बांड्यासाठी जागा ठेवून राह्यला."

मी खाली बसून चिरडलेली रोपं सरळ करायला लागले. मला रडू येत होतं आणि मायसमोर रडायचं नव्हतं.

मग फवाराच मारावा लागला. मायनं धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, तासांत अंबाडी आणि तीळ टाकले होते, दरवर्षी टाकायची. पंपाच्या त्या औषधाला सोयाबीन तेवढं ओळखीचं, बाकी सगळं तण. अंबाडी आठवड्यात पिवळी पडली आणि जळून गेली. त्या वर्षी भाकरीबरोबर अंबाडीची भाजी झाली नाही, म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही, बाजारात मिळते. मायचं म्हणणं वेगळंच होतं. "मंग मी वावरात कायले जाऊ?" ती म्हणाली. निंदायला-खुरपायला नाही, सोंगायला नाही, भाजी तोडायला नाही. जे हात वाचले म्हणून ती सुखावली होती ते आता मांडीवर ठेवून ती दुपारभर बसायला लागली. तिला बरंही वाटत होतं आणि करमतही नव्हतं. माणसाला दोन्ही एकदम होऊ शकतं हे मी तिच्याकडे बघून शिकले.

पोळा झाल्यावर चांद्याला विकलं. आधी विकायचा नाही, सणापुरता तरी दारात असू दे, असं बाबांनी ठरवलं होतं. पोळ्याच्या तोरणाखाली गावातल्या जोड्या उभ्या राहिल्या तेव्हा ते त्याला घेऊन टोकाला उभे होते. कुणी टोमणा मारला नाही. आमच्या गावात माणसं एरवी कुणाला सोडत नाहीत, त्या दिवशी सोडलं.

या सगळ्यात दुष्ट कोण, असं मी पुष्कळदा शोधून पाहिलं आहे. सापडत नाही. हार्वेस्टरनं पीक वाचवलं, ट्रॅक्टरनं पेरणी केली, औषधानं तण मारलं. जो तो आपल्या कामात चोख. फक्त ही सगळी अवजारं ज्या वावरासाठी केली होती ते वावर लांबलचक होतं, त्याच्या मालकाला कुटाराची गरज नव्हती, आणि त्याच्या घरात अर्धी जोडी नव्हती. आमच्या वावरात ती आली ती मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा तशी. बाहीत हात हरवतो, पण आंग तर झाकलं ना, असं म्हणायचं आणि पुढं चालायचं.

आमच्या मापाचं काही निघालंच नाही असंही नाही. पुढच्या वर्षी बाबांनी सायकल डवरा आणला. जुन्या सायकलचं पुढचं चाक, तिचंच हँडल, खाली पास. एका माणसानं ढकलायचा. बैल नको, डिझेल नको, पास हवी तेवढी रुंद-अरुंद करता येते. मी तो चालवून पाहिला आणि खूश झाले. ज्यानं कुणी काढला त्याच्या मायचंही भलं होवो. पण आमची माती काळी आणि चिकट, चाकाला लपेटते, दर काही पावलांवर खरडावी लागते. तिशीतल्या गड्याच्या हाती तो डवरा सोन्यासारखा आहे. आमच्या गावातले तिशीतले गडी पुण्याच्या गोदामांत खोकी उचलतात. बाबांची साठी उलटली आहे. दोन पावसाळे त्यांनी तो ढकलला आणि मग कमरेला पट्टा लागला.

यंदा वावर मक्त्यानं, म्हणजे वर्षाच्या भाड्यानं, दिलं. आमचं आणि काकांचं, दोन्ही एकाच माणसाला. रस्त्यापलीकडचे मोठे शेतकरी आहेत, भले गृहस्थ. त्यांची अट एकच होती की मधला धुरा काढावा लागेल, म्हणजे ट्रॅक्टरला लांब पल्ला मिळेल. बाबांनी काकांना फोन केला. तिकडून आवाज आला, "तू म्हनशीन थे." धुरा काढला, त्यावरची बाभूळ काढली. कागदावर सगळं आपापलं आहे, काही जात नाही, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी गावी होते. काकाही आले होते, तांड्यावर कुणाचं तरी लग्न होतं म्हणून. पेरणी चालू होती. ते आणि बाबा वावराकडे निघाले तशी मीही मागोमाग गेले. काका बरेच वाळले आहेत. दोघं त्या मोकळ्या सहा एकरांत शिरले आणि मध्यावर कुठंतरी थांबले.

"कुठून गा माह्यं?" काकांनी विचारलं.

बाबांनी रस्त्याकडे बघितलं, नाल्याकडे बघितलं, पायानं माती उकरली. "इथून," ते म्हणाले आणि आपल्या बाजूला बरंच आत येऊन उभे राहिले.

"एवढं कुठं होतं बावा? तुह्यं तिकून हाय." काका मागे सरकले आणि आणखी आत, आपल्याच वावरात, जाऊन उभे राहिले.

"नाई नाई. बाभूळ इथं होती."

"बाभूळ तिथं होती."

धुऱ्यासाठी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. सख्खे भाऊ आयुष्यभर बोलले नाहीत, हेही पाहिलं आहे. आणि हे दोघं एकमेकांना आपली जमीन देत देत मागे चालले होते, मधला पट्टा रुंद होत चालला होता, आणि कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. मला आधी हसू आलं. मग काकांचा चेहरा दिसला आणि हसू गेलं. ते खरंच शोधत होते.

तेवढ्यात ट्रॅक्टर वळून आमच्याच रोखानं आला. ड्रायव्हर नवा होता, कुणालाच ओळखत नव्हता. त्यानं हॉर्न वाजवला, तरी दोघं बघेनात, तेव्हा ओरडला, "ओ बुवा, बाजूले व्हा ना! लाईन बिघडते!"

"हो, हो," बाबा म्हणाले. त्यांनी काकांचा दंड धरला. पेरलेल्यावर पाय पडू नये म्हणून दोघं जपून, एकामागे एक, रस्त्यावर आले आणि ट्रॅक्टर जाईपर्यंत कडेला उभे राहिले.